सावंतकाकांचा काउबॉय

मस्कतमध्ये गाडी कितीही धुवा, दोन दिवसांत तिच्यावर धूळ बसतेच. सावंतकाकांच्या कादंबरीचे किस्से तसेच आहेत. मुद्दाम कुणी जमवत नाही, आपोआप साठतात! परवा जेवताना एका पाहुण्यांना एकच सांगायला घेतला, तर सगळ्यांचे हात वाळले तरी मी बोलतेच आहे. म्हटलं, आता लिहूनच काढावेत.

आधी माणसं सांगते. आम्ही दर शुक्रवारी सकाळी वादी कबीरला सावंतकाकांच्या फ्लॅटवर नाश्त्याला जमतो. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, इथे एका कंपनीत एसी मेंटेनन्सचे सुपरवायझर. लहानपणी गावच्या वाचनालयातली काउबॉयची सगळी पॉकेटबुकं त्यांनी फस्त केली होती. पहिल्यांदा मस्कतला उतरले, एअरपोर्टबाहेरचे उघडेबोडके डोंगर बघितले आणि शेजारच्याला म्हणाले, "अरे, हे तर टेक्सास!" टेक्सास त्यांनी आजतागायत बघितलेलं नाही.

दुसरे गायकवाड सर. नागपूरचे, सोहारला एका स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर. एवढ्या लांबून गाडी हाकत येतात आणि येताना अमेरिकेचा खरा इतिहास घेऊन येतात. तिसरी मी. पुण्याची, ऑफिस अल् खुवैरला, आणि काकांच्या मते उगाच हसणारी.

काका ‘कोरड्या नदीचा शेरीफ’ नावाची वेस्टर्न कादंबरी लिहितायत. मराठीत, आणि तीही मोबाइलवर! दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर एक प्रकरण येतं. खाली ‘क्रमशः’. शुक्रवारी आम्ही त्याचं पोस्टमॉर्टेम करतो. हिरोचं नाव हँक. आडनाव अजून ठरायचंय.

या सगळ्यामागे एक वचन आहे. गावी सुलभाकाकू एकट्या असतात, मुलगा बंगळुरूला. "कादंबरी पुरी झाली की कायमचा घरी येतो," असं काकांनी काकूंना सांगून ठेवलंय. कादंबरीला आता पाचवं वर्ष लागलंय!

*

सुरुवातीच्या एका प्रकरणात हँक एका दुष्ट रँचमालकाकडे गुरं राखायला असतो. शेजारच्या रँचवर जास्त पगार मिळतोय, म्हणून तो नोकरी सोडायला निघतो. मालक खुर्चीत रेलतो, सिगार पेटवतो आणि म्हणतो, "जा. पण एनओसी मिळणार नाही."

मी इतकी हसले की हातातला चहा सांडला. आखातात वर्षानुवर्षं नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागायची, हे इथल्या प्रत्येकाला पाठ. पण काउबॉयला एनओसी?

"तो सरळ मालकाला गोळी घालेल ना, काका!" मी म्हटलं.

"आणि मग पुढची नोकरी कोण देईल?" काका म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी गायकवाड सर गंभीर चेहरा करून आले. म्हणाले, "हसू नका जी. मी वाचून आलो. एनओसी नव्हती, पण काही ठिकाणी रँचमालकांनी संघटना काढल्या होत्या. मालकाच्या मर्जीबाहेर गेलेल्या काउबॉयचं नाव त्यांच्या काळ्या यादीत जायचं. मग त्या भागात कुणी त्याला कामावर घ्यायचं नाही."

मग सरांनी पुढचंही सांगितलं. बरेचसे काउबॉय गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक होते, मेक्सिकन होते. महिन्याचा पगार, रोजच्या रोज उकडलेली कडधान्यं, झोपायला एका लांबलचक खोलीत ओळीने खाटा.

काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे इथल्या कामगारांचा लेबर कॅम्प! आणि लहानपणी मला वाटायचं, हे लोक मजा करतायत!"

*

भर दुपारी रस्त्यात समोरासमोर उभं राहून गोळीबार, हे वेस्टर्नचं खरं भांडवल. काकांनी तीन आठवडे त्याची हवा केली. हँक विरुद्ध खुनशी ब्लॅक बेन!

गायकवाड सरांनी त्या फुग्याला टाचणी लावली. "काका, असं फारसं व्हायचंच नाही. उलट बऱ्याच गावांत शिरतानाच बंदूक जमा करावी लागायची. गाव सोडताना परत मिळायची."

काकांचं तोंड उतरलं. पण काका हार मानणारे नव्हेत. पुढच्या गुरुवारी प्रकरण आलं. हँक आणि ब्लॅक बेन एकमेकांना ठार मारण्यासाठी आपापल्या बंदुका घ्यायला ऑफिसात जातात. दोघांना टोकन मिळतं. खिडकीवर पाटी: साहेब जेवायला गेले आहेत.

दोघं बाकावर बसून राहतात. ऊन मी म्हणतंय. बेन खिशातले खजूर काढतो, हँकला देतो. बोलता बोलता निघतं काय, तर ब्लॅक बेन हँकच्या मामाच्या गावचा!

"मग गोळीबार?" मी विचारलं.

"आता कसा होणार?" काका म्हणाले. "मामाला काय तोंड दाखवील तो?"

*

सलीम हा काकांच्या कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली सगळी कामं करणारा ओमानी गडी. फर्ड्या हिंदीत बोलतो. काकांच्या घावण्यांवर त्याचा जीव, म्हणून अधूनमधून शुक्रवारी टपकतो. एकदा त्याने सगळी कथा ऐकून घेतली आणि विचारलं, "सब घोडा, घोडा. उंट नहीं था उधर?"

आम्ही हसलो. गायकवाड सर हसले नाहीत. "होते ना! अमेरिकेच्या लष्करानं आपल्या या बाजूकडून उंट मागवले होते. वाळवंटात सामान वाहायला. सोबत उंट सांभाळणारी माणसंही नेली होती."

सलीम घावणं खाली ठेवून सरसावून बसला. "फिर?"

"मग लष्कराला त्यांचा कंटाळा आला. काही उंट विकले, काही वाळवंटात मोकाट सुटले. पुढे कितीतरी वर्षं लोकांना ते कुठेकुठे दिसायचे."

सलीमला हे अजिबात सहन झालं नाही. तो उभाच राहिला. "काम खलास, और रिटर्न टिकट नहीं दिया? ये कैसा कंपनी है!"

*

काकांना एकदा गुरांची चेंगराचेंगरी लिहायची होती. "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लिहिणार नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला माझ्या नव्या गाडीतून निझवाच्या वाटेवरच्या एका वादीत नेलं. वादी म्हणजे डोंगरातल्या नदीचं कोरडं पात्र. तिथे गुरं नव्हतीच. शेळ्या होत्या. आणि त्यांना माझी गाडी आवडली! एक टपावर, दोन बॉनेटवर. काका खिडकीतून काठी हलवत "हुर्र, हुर्र" करत होते, तशा आणखी वर चढत होत्या.

शेवटी लांब खडकावर बसलेल्या म्हाताऱ्याने जागचं न हलता एकदाच ‘चला’ अशी अरबीत हाक मारली, "यल्ला!" सगळ्या शेळ्या शहाण्यासारख्या उतरून चालू लागल्या.

पुढच्या गुरुवारी उधळलेल्या हजारो गुरांसमोर हँक घोडा आडवा घालतो, टोपी काढतो आणि ओरडतो, "यल्ला!" गुरं थांबतात.

गाडीला पडलेले ओरखडे अजून तसेच आहेत.

*

एका किस्स्याला मी हसले नव्हते. तोही सांगते.

कादंबरीचं पहिलंच वाक्य होतं: ‘त्या अफाट, रिकाम्या मुलखात एकटा हँक आला.’ एका शुक्रवारी गायकवाड सर त्या वाक्यावर अडले. आवाज चढवला नाही, पण चहाचा कप बाजूला ठेवला.

"काका, रिकामा कसा? तिथे माणसं राहत होती. त्यांची गावं होती, शिकारीची रानं होती. करार केले, मोडले, त्यांना हाकलून दिलं. मुलूख रिकामा नव्हता, केला. आमच्या लोकांच्या वस्त्या गावाबाहेर कशा जातात हे आम्हाला माहीत आहे, म्हणून असं वाक्य आलं की मला पुढे वाचवत नाही."

पुढच्या गुरुवारी प्रकरण आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलं, तेही पहिलंच प्रकरण, नव्याने लिहिलेलं. हँक येतो, घोडा थांबवतो. ओढ्याकाठी एक म्हातारी बसलेली असते. ती विचारते, "कुणाला विचारून आलास?" हँकला उत्तर सुचत नाही. प्रकरण तिथेच संपतं.

गायकवाड सरांनी ते दोनदा वाचलं आणि काकांचा हात हातात घेतला.

काका म्हणाले, "काय बोलेल तो, सर? मी परक्या मुलखात पोटासाठी आलो, पण माझ्याकडे निदान रेसिडेंट कार्ड आहे. त्याच्याकडे तेही नाही!"

*

गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ब्लॅक बेन दुसऱ्यांदा मेला. आधी तो दरीत पडून मेला होता. मधे हँकला टायफॉइड झाला, मग त्याचा हरवलेला भाऊ सापडला, मग तो भाऊ तोतया निघाला. शेवट जवळ आला की काका नवा माणूस घोड्यावर बसवून आणायचे.

"काका," मी म्हटलं, "हँकला मावळतीकडे जाऊ द्या, खाली ‘समाप्त’ लिहा. सगळ्या वेस्टर्न अशाच संपतात. तुम्हाला संपवायचीच नाहीये का?"

मी चेष्टेत बोलले होते. काकांनी मात्र ते मनावर घेतलं.

"संपली की जावं लागेल," ते म्हणाले. "सगळी उमर इथे गेली. तिथे जाऊन करू काय? गावात कुणाचा एसी बिघडतो? आणि सुलभाला तरी माझी सवय राहिली असेल का? वर्षातून एक महिना येणारा माणूस मी, पाहुणाच की."

मग एकदम उठले आणि म्हणाले, "हँकचा तो भाऊ खरा तोतया नव्हताच!"

*

यंदाच्या हिवाळ्यात सुलभाकाकू व्हिजिट व्हिसावर आल्या. शुक्रवारी त्यांच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. काका खुशीत होते. त्यांनी जाहीर केलं, "हँक आता मेक्सिकोला जातोय. अजून वर्षभराचा मजकूर डोक्यात तयार आहे."

काकूंनी पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसल्या.

"शेवटचा प्रकरण मियां लिवलंय," त्या म्हणाल्या.

आम्ही बघतच राहिलो. काका इतकी वर्षं त्यांना प्रत्येक प्रकरण पाठवत होते, त्यांच्याकडून फक्त अंगठा यायचा. काकूंनी चष्मा लावला, स्वतःचा फोन लांब धरला आणि वाचायला लागल्या.

"हँकने घोडा वळवला. सगळे हिरो मावळतीकडे जातात. हँक उगवतीकडे निघाला, कारण त्याचं घर उगवतीला होतं. तो खूप दिवस चालला. मग घर आलं. विहीर तीच होती. माड उंच झाले होते. दारात त्याची बायको उभी होती. तिच्या हातात बंदूक होती."

"बंदूक?" काका म्हणाले. "बायकोच्या हातात कशाला?"

गायकवाड सर लगेच म्हणाले, "बरोबर आहे जी. तिकडे बाया अशा लांब लांबच्या घरात एकट्या राहायच्या. बंदूक असायची त्यांच्याकडे."

"इतकी वर्सां एकटी रवली ती," काकू वर न बघता म्हणाल्या, "बंदूक नको?"

आणि पुढे वाचू लागल्या. "हँक खाली उतरला. म्हणाला, मी आलो. तिने बंदूक खाली केली नाही. तशीच रोखून तिने विचारलं, ‘परतीचा तिकीट काढूनच इलास काय?’"

काकूंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचा ह्येंका ठावक," त्या काकांकडे मान वळवून म्हणाल्या, आणि घावणे आणायला आत गेल्या.

काकांनी सरांकडे बघितलं. "सर, तुम्ही दर प्रकरणात चूक काढता. काढा की!"

गायकवाड सरांनी मान हलवली. "यात चूक नाही, काका."

आतून तव्याचा चर्र आवाज आला. काकांनी बोटं पुसली, खिशातून फोन काढला आणि एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप केलं.

माझा आणि सरांचा फोन एकदमच वाजला. ग्रुपवर काकांचा मेसेज होता.

‘समाप्त.’