स्वरूपाची चाल

पणदऱ्याची स्वरूपा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायची. वरातीत लय कधी चढवायची, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. उरलेला वेळ ती बारामतीच्या गेमिंग पार्लरमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. माळेगावचा ऋषिराज तिचा जोडीदार.

एका जोडीच्या स्पर्धेत त्याची गाडी भिंतीला धडकली आणि दोघं हरले. स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋषिराजनं तेच मोबाईलमध्ये टिपलं आणि 'हिच्यामुळं हरलो' असं लिहून सगळीकडं पाठवलं. मग वरातीत पोरं ओरडायची, "रडूबाई, जोरात वाजव!" ती मान खाली घालून वाजवायची. आतून मात्र जळत होती.

ऋषिराज आपल्या शर्यतींचे व्हिडिओ टाकायचा. तिनं ते पुन्हा पुन्हा पाहिले. मागं संथ गाणं असलं की तो वळणावर ब्रेक दाबायचा. गाणं उडतं असलं की ब्रेक विसरायचा. तिनं स्वतः खेळून पाहिलं, तर तिचीही बोटं पळत सुटली. मग तिनं कीबोर्डवर एक चाल बांधली, हळूहळू चढत जाणारी. ती चाल कानात लावून स्वरूपा रोज खेळली. शेवटी लय कितीही चढली तरी वळणावर तिचा अंगठा ब्रेकवरून हलेना.

इंदापूरच्या स्पर्धेत गेमचा आवाज बंद असायचा. प्रेक्षकांसाठी स्पीकरवर गाणं वाजे आणि ते निवडायचा मान कमी गुणवाल्याला मिळे. स्वरूपा मुद्दाम थोडे गुण सोडत अंतिम फेरीत आली. समोर ऋषिराजच. तिनं आपल्या चालीचा पेन ड्राइव्ह पुढं केला.

"वरात काढतीस व्हय?" तो हसला.

"व्हय. तुझीच."

शर्यतीच्या पहिल्या चकरेत तो पुढं होता. चाल चढली, लोक टाळ्या वाजवू लागले, त्याचा पाय ठेका धरू लागला. पुलाच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबलाच नाही. गाडी कठड्यावर आदळली. सावरली, पुन्हा आदळली.

"गाणं बंद करा! ओ, बंद करा की!" तो रडकुंडीला आला.

"चालू द्या," स्वरूपा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली आणि त्याच्या उलट्या पडलेल्या गाडीजवळून निघून गेली.

त्याच्या गयावया करण्याचा, प्रेक्षकांतल्या कुणीतरी टिपलेला व्हिडिओ तिनं मिळवला आणि त्याच दिवशी सगळीकडं पाठवला. आठवड्याभरात त्याची आई, कौसल्याकाकी, दारात आली.

"पोरी, तो घराबाहेर पडत न्हाय. काढून टाक की ते."

"माझ्या व्हिडिओपायी माझी आई तुमच्याकडं आली तवा तुमी काय म्हणालात, काकी?"

'पोरासोरांचं हाय, सोडून द्या,' असं म्हणून कौसल्याकाकींनी स्वरूपाच्या आईला दारातूनच परत पाठवलं होतं.

"बसा, च्या टाकते," स्वरूपा म्हणाली. "पन व्हिडिओ काढून टाकायची न्हाय."

काकी बसल्या नाहीत. त्या रस्त्याला लागेपर्यंत स्वरूपा उंबऱ्यात उभी राहिली. तिला वाईट वाटलं नाही. आईनं मात्र त्या दिवशी तिच्याशी बोलणं टाळलं.