आता तू मले सांग

"काय देल्लं माह्या बायकोले? बोल! काय देल्लं?"

आवाज असा, की चाळीस कोसांवर पुलगावच्या दारूगोळा डेपोत पहारेकऱ्यानं बंदूक सरसावली असणार. माझं बोलणं तुम्ही नेहमी निम्मं धरा; पण त्याच्या हातातली कुऱ्हाड पुरी होती. अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यात आमचं आरोग्य उपकेंद्र. दारात तो, टेबलामागे आमच्या नर्सबाई. उंची साडेचार फूट, निवृत्तीला दोन वर्षं बाकी.

"बस बाबू," बाई म्हणाल्या. "आधी तू मले सांग, पाणी पेतं का?"

कुऱ्हाड टेबलात रुतली.

हे 'मले सांग' बाईंचं रोजचंच. त्यांच्या आधीची नर्स फक्त तीन शब्द बोलायची: "दोन झाले? ऑपरेशन!" बाई मात्र स्टीलचं ताट काढायच्या. त्यात गोळ्या, निरोध, तांबी, इंजेक्शनची बाटली, सगळं भाजीवालीसारखं मांडायच्या. प्रत्येकाचं बरं सांगायच्या अन् वाईटही. "यानं पाळी मागंपुढं होते. यानं पोट दुखू शकते. नाई जमलं तर ये, दुसरं पाहू." मग ताट बाजूला सारून म्हणायच्या, "आता तू मले सांग." समोरच्या बाईनं सगळं आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय हाती काही पडायचं नाही. मी त्या गावात मलेरियासाठी रक्ताचे नमुने घेत फिरायचो; मला वाटायचं, कलेक्टरची परीक्षा यापेक्षा सोपी असेल.

सोबत आलेल्या सासूला आधी बाहेर. "तुमचं झालं आता, मायबाई. लिंबाखाली बसा." एका सासूनं चप्पल फेकली. ती खिडकीतून जाऊन सरपंचाच्या म्हशीला लागली आणि म्हशीनं आठ दिवस दूध दिलं नाही. बरं, चार दिवस.

तर ही कुऱ्हाडवाल्याची बायको. दोन लेकी. दुसऱ्या बाळंतपणात एवढं रक्त गेलं की वर्ध्याला पोचेपर्यंत ती पांढरी पडली होती. नवऱ्याला तरीही पोरगा पाहिजे होता, आणि 'नको' म्हटलं की तो पट्टा काढायचा. धाकटीच्या लसीचं निमित्त करून ती एकटी आली. बाईंनी दार लावलं. तासभर आत होत्या. मी मधल्या फळीला कान लावला, तर आतून थाप बसली, "काऊन रे, तुले पाह्यजे का?"

तिनं काय निवडलं ते मला कधीच कळलं नाही. पण तोंड कुठे गप्प बसतं? संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी सुरू केलं, "आमच्या बाईसमोर नवऱ्याची काय टाप! आजच एकीले तासभर समजावलं." कोणीतरी विचारलं, कोणाची रे? नाव मी घेतलं नाही. पिंपळाजवळचं घर, दोन पोरी, एवढंच म्हणालो. आमच्या खेड्यात यालाच नाव घेणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड आली. पहिला घाव टेबलात, ते सांगितलंच; दुसऱ्या घावात कपाटाची काच गेली, तिसऱ्यात ताट दुमडलं.

"तुह्या बायकोचं मी तुले सांगत नाई," बाई म्हणाल्या. "उद्या तू आला, तं तुहं तिलेही सांगणार नाई. तुले आणखी लेकरू काऊन पाह्यजे, ते तू मले सांग."

त्यानं कुऱ्हाड टाकली. मला वाटलं, जिंकल्या. त्यानं बाईंचा अंबाडा धरला, त्यांना भिंतीवर आपटलं आणि मनगट पिळलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. हे निम्मं धरू नका. "बोल!" तो म्हणत होता. बाईंच्या ओठातून रक्त येत होतं, शब्द नाही.

मी फवारणीच्या पंपामागे होतो. पंप आणायला गेलो होतो असं नंतर मी चौघांना सांगितलं.

लोक धावले, त्याला पालथा पाडला. बाई लोंबता हात छातीशी धरून पहिलं बोलल्या ते गावच्या आशा सेविकेशी, आमच्या आशाताईशी, "त्या पोरीले लेकींसकट पुलगावले माहेरी पोचव. आत्ता. हा सुटायच्या आधी." पोलीस जमादार आला, त्यानंही तेच विचारलं, तिला काय दिलं होतं? बाई म्हणाल्या, "तिनं निवडलं ते." पोरगी पुलगावला गेली ती परत आली नाही. तिकडच्या दवाखान्यात जाते, असं आशाताई सांगते.

हात नीट जुळला नाही. बाईंनी नोकरी सोडली आणि त्या सिंदी मेघेला लेकीकडे राहू लागल्या. महिन्याभरानं मी भेटायला गेलो. एकहाती भाकर थापायचा प्रयत्न चालला होता. मी पाऊण तास पाऊसपाण्यावर बोललो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला एक खरी गोष्ट होती, अन् तीच तोंडातून निघेना. शेवटी चप्पल घालताना म्हणालो, "बाई, टपरीवर मीच बोललो होतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दार लावून घेजो, कुत्रं आत येते."