विहिरीत ढकललेली नायिका

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की शाईचा आणि घामाचा ओशट वास येतो. लातूरच्या या स्टाफरूममध्ये पेपर तपासतानाही मला भोकरचा माझा बारावीचा वर्ग आठवतो आणि किळस येते.

तिथं मराठीचे सर कादंबरीचा सारांश सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. कादंबरी कुणीच वाचत नसे. मी मात्र धर्माबादच्या मावशीकडची प्रत वाचली आणि माझ्या शब्दांत सारांश लिहून नेला. सरांच्या सारांशात नायिका विहिरीत जीव द्यायची. पुस्तकात ती गाव सोडून शिकायला जाते.

"सर, ती मरत न्हाई," मी म्हणाले.

सरांनी सुपारी चघळत माझ्या पानावर लाल रेघ मारली. "लई शहाणी हायेस. कॉलेजच्या प्रतीला शेवटची पानंच न्हाईत, मग मी काय सांगू? मार्क पाहिजेत ना? मार तिला."

कॉलेजच्या परीक्षेचे पेपर सरच तपासणार होते. मी तिला विहिरीत ढकललं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. घरच्यांनी पेढे वाटले.

ही किळस सरांची आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. आज एका पोरीनं स्वतःच्या शब्दांत सारांश लिहिलाय. चांगला लिहिलाय. नमुना उत्तराशी जुळत नाही. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि पुढचा पेपर ओढला.