सहा पडले की

एका मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. त्याला आता वर्ष झाले.

स्वतःला सुधारण्याची पुस्तके मी पुष्कळ वाचायचो, ओळींखाली रेघा मारायचो आणि तिथेच थांबायचो. एकदा ती म्हणाली, “नुसते वाचूनच राहिले तुमी. करान कवा?” मग तिने त्यांतले सहा धडे एका कागदावर लिहिले. रोज चहानंतर लुडोचा फासा टाकायचा आणि जो आकडा पडेल तो धडा त्या दिवशी पाळायचा.

सहावा धडा होता, ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन करणे. अमरावतीच्या माझ्या भावाशी मी सात वर्षे बोललो नव्हतो. सहा पडले की मी म्हणायचो, “लुडोत सहावर पुन्हा डाव भेटते,” आणि फासा परत टाकायचो.

एका सकाळी कागद बदललेला दिसला. सहाही आकड्यांपुढे तिने एकच लिहिले होते, भावाला फोन.

“टाका आता,” ती म्हणाली.

तीन पडले. मी फोन लावला.

तिला नेले तेव्हा भाऊ माझ्या शेजारी चालत होता. आता तो दर रविवारी अकोल्याला येतो, आम्ही लुडो खेळतो. हे तिने मला दिले. तिचा कागद घरात आहे, आणि मला भाऊ आहे.