नईममधलं न उघडलेलं दार

मंडळी, हे बावीस वर्षं उशिरा लिहितोय, माफ करा.

माझी नात शोधण्याच्या पद्धतींवर संशोधन करते. डॉक्टर गाठ कशी शोधतात, समुद्रात बुडालेली बोट कशी शोधतात, असलं. आज जेवताना म्हणाली, "आजोबा, एकदा शोधलेली जागा लिस्टमधून काढायची नसते. सगळ्या फील्डमध्ये हीच मिस्टेक होते."

मी ताट सारून उठलो.

धाकटा भाऊ वसंत इथे बहारीनमध्ये हरवला, तेव्हा मी मनामाच्या नईम वस्तीतली दारं ठोठावली. एक उघडलं नाही. आत कुणीतरी खोकत होतं. मला शिफ्ट गाठायची होती. आईला फोनवर सांगितलं, "नईम शोधून खलास, तिथे नाही."

आज परत गेलो. तिथे आता दुकान आहे. खोकला मात्र कानातून जात नाही.

वसंत सुतारकाम करायचा, डावा अंगठा अर्धा होता. कुणी पाहिला असेल तर लवकर कळवा हो.