किसनरावांचे वकील

बापूसाहेब दर्यापूरकर यांची आणि माझी पहिली भेट कचेरीत झाली नाही. वकिलीची परीक्षा पास होऊन मी अमरावतीला आलो तेव्हा आपले वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होते आणि माझ्याजवळ अकोटच्या मामांनी बापूसाहेबांच्या नावे दिलेल्या चिठ्ठीपलीकडे काही नव्हते. बापूसाहेबांच्या दाराला कुलूप होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "रविवारी ते घरी कुठले सापडायला? गावाबाहेर अपंगांचा आश्रम आहे, तिथं पाहा."

आश्रमाच्या पडवीत काही माणसे कापसाच्या वाती वळत बसली होती. कुणाला दिसत नव्हते, कुणाला बोलता येत नव्हते, कुणाचे पाय लुळे होते. त्यांच्या रांगेत एक उंचेपुरे गृहस्थ मांडी घालून बसले होते आणि सगळ्यांत वाईट वाती त्यांच्याच होत होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी वर न पाहताच विचारले, "वाती वळता येतात का?"

"नाही."

"मग बसा. मलाही येत नाहीत."

माझी मुलाखत एवढीच झाली. दुपारभर मी वाती वळल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ज्युनिअर म्हणून कामाला लागलो.

साठीच्या गौरवग्रंथात माणसाला देव करून ठेवायचा रिवाज आहे. मला तो जमत नाही, संपादकांनी क्षमा करावी. बापूसाहेब हट्टी आहेत, चहा फार कडू पितात आणि ज्युनिअरच्या मसुद्यावर इतक्या रेघा मारतात की खाली काय लिहिले होते ते त्यालाही आठवू नये. पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या वकिलात पाहिली नाही. आश्रमातल्या प्रत्येकाला ते अहो-जाहो करत. जिथे सगळे 'ए आंधळ्या', 'ए मुक्या' म्हणून हाका मारत, तिथे हे 'गंगूबाई', 'किसनराव' म्हणत. मी एकदा विचारले, "दर रविवारी इथे नुसते बसून काय मिळते?" ते म्हणाले, "ज्याच्यासाठी बोलायचं, त्याच्याजवळ आधी गप्प बसता आलं पाहिजे. आपल्या धंद्यात तेच शिकवत नाहीत."

या आश्रमाचे अध्यक्ष होते नानासाहेब. शहरातले नामांकित वकील, आणि बापूसाहेबांचे गुरू. बापूसाहेबांना वकिली शिकवली ती त्यांनी. बापूसाहेबांच्या पत्नी लवकर गेल्या, मुलगी लग्न होऊन दूर गेली. मागे उरले ते नानासाहेबच. रोज संध्याकाळी दोघे तलावापर्यंत फिरायला जात, आणि येताना नानासाहेबांच्या घरी भाकरी-पिठलं खाऊनच बापूसाहेब परतत. मी पाहिले तेव्हा त्यांच्या आयुष्यात आपले म्हणावे असे हे एकच घर होते.

एका उन्हाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या अंजनाबाई कचेरीत आल्या. किसनराव त्यांचा मुलगा. जन्मापासून पाय कामातून गेलेले, मान हलायची, आणि बोलणे इतके अडखळत की ऐकणाऱ्याचा धीर सुटावा. नवरा वारल्यावर दिराने किसनरावांना आश्रमात आणून घातले होते. अंजनाबाई उंबऱ्याशीच बसल्या आणि म्हणाल्या, "वकीलसायेब, माया पोराले मले भेटू देत नाईत वो. म्हन्ते, ज्यानं आनून घातलं त्याले घेऊन ये. आता तो कायले येते? पोरगं माया हाये का त्याचं?"

किसनराव मोठे, कळते गृहस्थ होते. पण ते वेडसर आहेत, त्यांना काही समजत नाही, असे आश्रमाच्या दप्तरी लागलेले होते. तसे वाटण्याचे कारण एवढेच, की त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत कुणी थांबले नव्हते. बापूसाहेब मात्र कित्येक रविवार त्यांच्या शेजारी वाती वळत थांबले होते. किसनराव काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होते. त्यांना घरी जायचे होते.

बापूसाहेब आधी नानासाहेबांकडे गेले. मी बरोबर होतो. नानासाहेब दुष्ट नव्हते, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. दारोदार जाऊन, ज्वारीची पोती मागून त्यांनी तो आश्रम उभा केला होता. ते शांतपणे म्हणाले, "आज एकाला सोडलं तर उद्या दहा नातेवाईक येतील. चार दिवस नेतील आणि रस्त्यावर टाकतील. मी पाहिलंय ते. नियम मोडायचा नाही."

"नाना, मला कोर्टात जावं लागेल."

"माझ्याविरुद्ध?"

त्या दिवशी पिठले झाले होते, पण पाने मांडली गेली नाहीत.

माणसाला बेकायदा अडकवून ठेवले आहे, त्याला हजर करावे, असा अर्ज आम्ही मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे केला. उन्हाळ्यामुळे कोर्ट सकाळचे होते. आश्रमाच्या गड्याने किसनरावांना पाठीवर घेऊन आणले आणि बाकावर बसवले. कोर्ट माणसांनी भरले होते. शिष्याने गुरूला कोर्टात खेचले ही बातमी गावभर झाली होती.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, "तुला कुठे राहायचं आहे?"

किसनरावांची मान हलू लागली, तोंड वाकडे झाले, एक अक्षर निघाले आणि अडकले. मागे कुणी तरी हसले. साहेब बापूसाहेबांकडे वळले. "तुम्हाला याचं बोलणं कळतं म्हणता. तुम्हीच सांगा."

माझा जीव भांड्यात पडला. पण बापूसाहेब उठून म्हणाले, "मी सांगितलं तर ते वकिलाचं म्हणणं होईल. किसनराव स्वतः सांगतील. फक्त वेळ लागेल." आणि खाली बसले.

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. हातातला घास कुणी असा टाकतो का? ऊन चढत होते, साहेबांचे लक्ष घड्याळाकडे जात होते, अंजनाबाईंनी पदर दातांत धरला होता. किसनराव घामाने भिजून गेले. तरी एकेक अक्षर येत गेले. "मले... घरी... जा लागते."

कोर्टात सगळ्यांना ते कळले. तेव्हा नानासाहेबांनी आश्रमासाठी दिलेले वकील उठले आणि म्हणाले, "अरे किसन्या, घरी जाऊन तू करणार काय?" पुन्हा तसेच थांबावे लागले. या वेळी कुणी हसले नाही. किसनराव त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "तुमी... घरी जाऊन... काय करता?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि घोटभर पाणी घेतले. मग त्यांनी हुकूम लिहिला. दुपारी अंजनाबाई लेकाला टांग्यात घालून तेल्हाऱ्याला जायला स्टेशनाकडे निघाल्या.

आम्ही जिंकलो आणि बापूसाहेब एकटे पडले. कुणी भांडले नाही. भांडले असते तर बरे झाले असते. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये ते बसले की शेजारच्यांना नेमके तेव्हाच काम आठवे. आश्रमाला देणग्या देणारे, कापसाचे जिन चालवणारे शेठजी आपली प्रकरणे घेऊन दुसरीकडे गेले. आश्रमाचे फाटकही बापूसाहेबांना बंद झाले, म्हणजे त्यांचा रविवार गेला. संध्याकाळी ते तलावाकडे एकटेच जात. नानासाहेबही एकटेच जात, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. दोघांच्या चालीचा वेग सारखा होता, त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या पुढेही जाता येत नसे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते आठवले की आजही मला वाईट वाटते.

पुढे नानासाहेबांनी भेटीचा नियम गुपचूप बदलला. आईबापांना केव्हाही येऊ द्यावे असे ठरले. ते त्यांनी बापूसाहेबांना कळवले नाही, आणि बापूसाहेब आभार मानायला गेले नाहीत. एवढे शहाणे दोघे, पण त्या रस्त्याची रुंदी त्यांना ओलांडता आली नाही. नानासाहेब वारले तेव्हा बापूसाहेब अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे, अनवाणी चालत होते.

मला त्यांनीच अकोल्याला पाठवले. "माझ्याजवळ राहिलात तर उपाशी मराल," म्हणाले. मग रविवारी ते गाडीने अकोल्याला येऊ लागले. तिथल्या एका अनाथालयात आंधळ्या मुलींच्या खोलीला बाहेरून कडी घालत. बापूसाहेबांनी व्यवस्थापकांना विचारले, "आपण झोपताना कडी कुठून लावता?" पुढच्या रविवारी सुतार कडी आतून बसवत होता. ना अर्ज, ना तारीख. माझी पत्नी आजारी होती तेव्हा हेच बापूसाहेब माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले होते, आणि वातींसारखाच तोही त्यांना जमत नव्हता. पण रात्री राहा म्हटले की राहत नसत. "शेवटची गाडी आहे," म्हणत. मीही फार आग्रह करत नसे.

मागच्या वर्षी अंजनाबाई गेल्या. नातेवाइकांनी किसनरावांना परत आश्रमात घालायचे घाटले, म्हणून बापूसाहेब तेल्हाऱ्याला धावले. किसनरावांनी नकार दिला होता. शेजारची सून दोन वेळा भाकर देते, ते ओसरीवर बसून वाती वळतात, त्यांचे चालले आहे. काम झाले तसे बापूसाहेब एस.टी.ला निघाले. तेव्हा किसनराव बोलू लागले. गाडी चुकली तरी बापूसाहेब थांबले.

"तुमी बी... एकलेच. मी बी... एकलाच. राहा न... दोन दिवस."

ते राहिले. परत आल्यावर मला सांगताना त्यांनी चष्मा पुसायला काढला. म्हणाले, "ही गेल्यापासून मला राहा असं मनापासून कुणी म्हटलं नव्हतं हो."

अमरावती-अकोल्याची दोनशे शहाणी माणसे, त्यांत मी एक, आणि हे म्हणायला तेल्हाऱ्याचे किसनरावच लागले.

बापूसाहेबांना साठावे वर्ष लागले. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे, असे मी मनापासून मागतो. पण नुसते 'शतायुषी व्हा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणखी चाळीस वर्षे एकट्याने जेवायचे, हा आशीर्वाद कसा? म्हणून या ग्रंथात लिहिणाऱ्यांना आणि तो वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. अकोल्यातला सत्कार आटोपेल, हार उतरतील, बापूसाहेब आपली छत्री शोधू लागतील. तेव्हा आपल्यापैकी कुणी तरी पुढे होऊन म्हणावे, "बापूसाहेब, आज घरी नका जाऊ. आमच्याकडे राहा." आणि ते 'शेवटची गाडी आहे' म्हणाले, तर ऐकू नये.