बाळकृष्णरावांचं नाक

तंजावरात आमच्या समोर राहणारे बाळकृष्णराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. जन्मात अंडंही खाल्लं नाही, पण मटणाबद्दल त्यांच्याइतकं अधिकारानं गल्लीत कुणी बोलत नसे. त्याला कारण शेजारच्या वसुमतीबाई. त्या मराठा घरांतल्या लग्नकार्यांना मटण आणि भरडलेल्या गव्हाची कंजी करून देत, पाच-पाच तास मंद आचेवर ठेवून. परसाची भिंत सामाईक, त्यामुळे वास थेट रावांच्या पूजेत. आधी राव खिडक्या लावून घेत. मग नुसतं नाक मुरडत. पुढे मुरडलेल्या नाकानंच सांगू लागले, "बडीशेप जास्ती झाली, वसुमती." आणि ती खरोखरच जास्त झालेली असे.

गल्लीत केबल आली त्या वर्षी वसुमतीबाईंना टायफॉइड झाला. त्या उठल्या, पण वास आणि चव गेली ती गेलीच. हे कळलं फक्त रावांना, कारण कंजी तळाला करपत होती आणि बाई शांतपणे ढवळत होत्या. एकट्या बाईला चुलीचाच आधार. बातमी फुटली तर कंजी कोण सांगणार? तेव्हापासून राव जपमाळ घेऊन भिंतीशी बसू लागले. जप किती झाला ते देव जाणे.

तिरुवैयारूच्या चंद्रमतीबाई मुलीच्या लग्नाची कंजी सांगण्याआधी चाखायला आल्या, ते रावांना ठाऊक नव्हतं.

"बडीशेप उणी आहे गं," भिंतीपलीकडून आवाज आला.

चंद्रमतीबाईंच्या भुवया वर गेल्या. "हे कोण सांगतात? तुला आपलं आपण कळत नाही काय?"

वसुमतीबाईंनी पळी पातेल्यात घातली. तेवढ्यात कपाळावरच्या गंधासकट राव भिंतीवरून डोकावले.

"तिला सगळं कळतं, अम्मा. मलाच राहवत नाही. चोरून खातो मी."

ब्राह्मणाला चळवणारी कंजी म्हटल्यावर चंद्रमतीबाईंनी तिथल्या तिथे सुपारी दिली. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळानं रावांकडच्या झांजा परत मागवल्या.

"खाल्लंत?" कृष्णवेणीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"ठाऊक आहे. वसुमतीला वास कळत नाही तेही. पण आत वाढलं तर तुम्ही खाल्लं नाहीत हे लोक ओळखतील, आणि तिचं बाहेर येईल." त्यांनी रावांचं पान बाहेर ओट्यावर मांडलं, गल्लीला दिसेल असं. मग आत जाऊन स्वतःचं पानही आणलं आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसल्या.

गल्लीनं ठरवलं, आता ही पण खाते.